एकाहत्तर ठोके

बायकोच्या हृदयाचे ठोके शेवटी एकशे अठ्ठावीसवर गेले, आणि ते त्याच्यामुळेच गेले. ज्यासाठी त्याने जिवाचं रान केलं होतं ते साध्य झालं. आकडा डबीवर उमटला, वर एक साक्षीदारही हजर होता, चहा पीत. आता हे काही घडलंच नाही असं धरून चालू. तोही तसंच धरून चालला आहे. सकाळी उठून दोन कप काढतो, एक परत ठेवतो, आणि ठेवताना तो कप नुसता तपासायला काढला होता असा चेहरा करतो. घरात चेहरा बघायला कोणी नाही, पण वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून अर्धं आयुष्य काढलं की असा चेहरा आपोआप होतो. दुकानदार त्याला फार घाबरतात.

तर काहीच घडलेलं नाही. रविवारची सकाळ आहे. हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही यांच्यामध्ये लोखंडी स्टँडवर सायकल कसून बसवली आहे. मागचं चाक एका रुळावर गरगरतं, मिक्सर लावल्यासारखा आवाज येतो आणि सायकल कुठेही जात नाही. चाळिशी उलटलेला तो तिच्यावर उघडाबंब बसून पेडल मारतो आहे, घाम नाकाच्या शेंड्यावरून खालच्या जुन्या टॉवेलवर ठिबकतो आहे, आणि हँडलवरच्या काड्यापेटीएवढ्या डबीवर त्याच्या हृदयाचे ठोके दिसताहेत: त्र्याहत्तर. इतक्यात त्याची नजर सहज बाल्कनीकडे गेली. दोरीवर त्याचा पट्टा वाळत होता. छातीला बांधायचा काळा पट्टा, जो ठोके मोजून डबीला कळवतो, तो त्यानेच सकाळी धुऊन दोन चिमट्यांत अडकवला होता, आणि आता तो मोज्यांच्या शेजारी वाऱ्यावर हलत होता, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखा. त्याने छातीवर हात फिरवला. छातीवर छातीच होती. डबीवर त्र्याहत्तर. मग चौऱ्याहत्तर. अशा वेळी माणसं ओरडतात, देवाचं नाव घेतात, गेलाबाजार थांबतात तरी. तो पेडल मारत राहिला, कारण मास्तरांच्या योजनेप्रमाणे अजून अर्धी बैठक बाकी होती. आकडाही हलत राहिला; बंद दुकानातल्या तराजूचा काटा हात न लावता हलावा तसा.

सायकलचं हे खूळ त्याच्या डोक्यात मास्तरांनी भरलं होतं. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानाचे मालक आणि रविवारी टेकडीपर्यंत जाऊन धापा टाकणाऱ्या हौशी सायकलवाल्यांच्या मंडळाचे प्रशिक्षक. त्यांना स्वतः सायकलवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. गल्ल्यामागे बसून, हवेचा पंप मांडीवर घेऊन, ते तीसेक संसारी माणसांच्या हृदयांचं नियोजन करत. प्रत्येकाची डबी दर बैठकीचा आलेख मास्तरांच्या फोनवर पाठवायची आणि मास्तर त्यावरून पुढच्या आठवड्याची योजना लिहायचे: सोपे दिवस, कष्टाचे दिवस, दर चौथा आठवडा विश्रांतीचा. सगळा डोलारा ठोक्यांवर. ठोके अमुकच्या खाली म्हणजे तुम्ही आराम करताय, तमुकच्या वर म्हणजे मरताय, आणि मधली जी अरुंद गल्ली आहे तिच्यातून आयुष्यभर जायचं. "पाय खोटं बोलतात," मास्तर म्हणायचे, "तोंड तर बोलतंच. आकडा बोलत नाही." त्यांच्याकडे तेव्हा पट्टे एकावर एक फुकट होते. फुकटचा पट्टा बायकोने घेतला. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. एक दिवस तिथे अचानक धडधड झाली, हात हलला, आणि कुणातरी म्हाताऱ्याच्या सुळ्याच्या जागी दाढ बसली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं दिसत नाही, पण काही महिने दिवसभरचे ठोके नोंदले गेले तर बरं. ती सकाळी कपड्यांच्या आत पट्टा बांधायची आणि विसरून जायची. तिचा फोन ठोके गोळा करत पर्समध्ये पडलेला असायचा.

चूक पहिल्याच संध्याकाळी झाली होती. डबी पट्ट्याशी जोडायची असते. पट्टा ओल्या कातडीला चिकटल्याशिवाय बोलत नाही, आणि त्याचा पट्टा तेव्हा खुर्चीच्या पाठीवर कोरडा लटकत होता. बायको शेजारी बसून कोबी चिरत होती. त्याने शोधाचं बटण दाबलं. डबीला खोलीत एकच बोलतं हृदय सापडलं, आणि डबीने विचारलं, हेच का? तो म्हणाला, हेच. अशा चुका लग्नातही होतात, पण तिथे निदान चार माणसं समोर असतात. त्यानंतर तो घरात जिवाच्या आकांताने पेडल मारायचा, मांड्या थरथरायच्या, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि डबी म्हणायची बहात्तर. बाहेर रस्त्यावर गेलं की डबीवर नुसत्या दोन रेघा. मास्तरांचं निदान झटपट तयार: "बाहेर वारा लागतो, पट्टा सुकतो. तुम्ही घरीच करा. आणि काय हो, हे हृदय आहे की फ्रीज?" तेव्हापासून मंडळात त्याचं नाव फ्रीज पडलं. फ्रीजला सोपं जातंय म्हणून दर आठवड्याला योजना कठीण होत गेली. एकदा तो उतरून न्हाणीघरात गेला आणि ओकला. बायको दाराशी उभी होती. "मरशील एक दिवस," ती म्हणाली. "शहात्तर होते," तो म्हणाला, तोंड पुसत. आयुष्यात एकाही दुकानदाराच्या तराजूवर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला ही डबी कधी तपासावीशी वाटली नाही. आपल्या बाजूने झुकणारा काटा कोण तपासतो.

त्या रविवारी, दोरीवरच्या पट्ट्याकडे बघत तो पेडल मारत असताना, आतल्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज आला. डबीवर आकडा चढू लागला: अठ्ठ्याहत्तर, त्र्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. "काय करतेस?" तो ओरडला. "माळ्यावरची चादर काढतेय," आतून आवाज आला, धाप लागलेला. स्टूल पुन्हा सरकलं. चौऱ्याऐंशी, सत्त्याहत्तर, बहात्तर, एकाहत्तर. आणि मग त्याला कळलं. भीती वाटायला हवी होती ती न वाटता, का कोण जाणे, फार ओशाळल्यासारखं झालं. इतके महिने तो बायकोचं हृदय घालून मंडळात मिरवत होता. त्याने पेडल मारायचं थांबवलं. आकडा थांबला नाही. एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर. भिंतीपलीकडे चादर झटकल्याचा आवाज.

हे तिला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती हसली असती, मास्तरांना फोन करून त्यांची टर उडवली असती, आणि प्रकरण तिथेच संपलं असतं. पण कपाटाच्या फटीतून काहीतरी दिसावं आणि दार उघडायच्या आधी माणसाने आणखी एकदा डोळा लावावा, तसं त्याचं झालं. त्या संध्याकाळपासून तो रोज सायकलवर बसू लागला, पेडल जेमतेम हलवत, नजर डबीवर. ती हॉलमधून गेली की आकडा बघायचा. तिचं हृदय इतकी वर्षं त्याच्या शेजारी झोपत होतं आणि त्याच्याबद्दल त्याला तेवढीच माहिती होती जेवढी शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीबद्दल असते. आता ते समोर होतं, हिरव्या आकड्यांत. त्याला वाटलं, आता कळेल. काय कळेल ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. पण माणूस जवळ आला, बोलला, हसला, तर समोरच्याच्या आत काहीतरी हलतं की नाही, हे दुकानातल्या काट्याला कळतं तर या डबीलाही कळायला हरकत नव्हती.

"आज छान दिसतेस," तो म्हणाला. एकाहत्तर. "कोण?" ती म्हणाली. "तू." "मी केर काढतेय. पाय वर घे." एकाहत्तर. त्याने तिच्या आवडीचं गाणं गुणगुणलं: सत्तर. जवळून जाताना तिच्या खांद्यावर हात ठेवला: एकाहत्तर. "काय हवंय?" "काही नाही." "मग हात काढ, घामाचा आहे." एकाहत्तर, एकाहत्तर, एकाहत्तर. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तेही बरं, निदान घड्याचा आवाज होतो. खात्यात तो नेहमी सांगायचा की ज्या काट्यावर वजन ठेवलं तरी तो हलत नाही तो काटा गंजलेला असतो, नाहीतर वजनच पोकळ असतं. इथे काटा गंजलेला नव्हता. चादर काढताना तो अठ्ठ्याऐंशीवर गेला होता. म्हणजे राहता राहिलं वजन. पेडल मारता मारता त्याला ती पहिल्यांदा भेटली तो दिवस आठवायचा. प्रयोगशाळेतला धातू तोलायचा नाजूक तराजू तपासायला तो गेला होता, काचेच्या पेटीतला, जो समोर कुणी शिंकलं तरी बिघडतो. मेणाचा आणि प्लॅस्टरचा वास, फळीवर ओळीने मांडलेले दात, सगळे एकाच वेळी हसणारे. त्याने कपाळाला आठ्या घालून सांगितलं होतं, "जवळ श्वास घेऊ नका." आणि ती मुलगी, हातमोजे घातलेली, खरंच श्वास रोखून उभी राहिली. तो मुद्दाम सावकाश वजनं ठेवत गेला, तिचा चेहरा लाल होत गेला, आणि शेवटी तिने एवढ्या जोरात श्वास सोडला की पारडं खाली आपटलं. "आता तुमचा तराजू खोटा झाला," तो म्हणाला होता. "तुमच्यामुळे," ती म्हणाली होती. तेव्हा तिचे किती असतील? शंभर? एकशे दहा? त्या दिवसाचा आकडा कुणी घेतलेला नाही, आणि न घेतलेल्या आकड्यासारखं माणसाला छळणारं दुसरं काही नाही. घेतलेल्या आकड्यावर निदान वाद तरी घालता येतो. तो आयुष्यभर तोच घालत आला होता. ती म्हणायची, अर्धा तास वाट बघितली. तो म्हणायचा, बावीस मिनिटं. ती म्हणायची, सगळं दूध उतू गेलं. तो भांड्यात वाकून बघायचा. हळूहळू तिने मोजता येण्यासारखं काही बोलणंच सोडलं, आणि घरात शांतता आली, आणि ती शांतता त्याने संसार स्थिरावल्याची खूण म्हणून मनातल्या मनात प्रमाणित केली.

तो मास्तरांकडे गेला. मास्तर एका पोराच्या तीनचाकीची साखळी बसवत होते. "मास्तर, समजा एखाद्याचं हृदय एकाच आकड्यावर अडकलंय. काही केलं तरी वर जात नाही. तर काय समजायचं?" मास्तरांनी हात पुसले. त्यांना वाटलं फ्रीज स्वतःबद्दल विचारतोय; त्यांना तसं वाटणं स्वाभाविकच होतं. "सवय," ते म्हणाले. "शरीराला तुमची सवय झाली. रोज तोच रस्ता, तोच वेग. त्याला कळून चुकलंय की हा काही नवीन करणार नाही. मग ते कशाला कष्ट घेईल?" "मग?" "धक्के द्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवार-गुरुवार. बाकी दिवस शांत. धक्का असा की शरीराला आधी कळता कामा नये. तीन आठवडे वाढवत न्या, चौथ्याला विश्रांती. बघा मूळ पायाच कसा वर सरकतो." तो घरी आला आणि बायकोचा सराव आखला.

पहिल्या मंगळवारी त्याने फुलं आणली. आकडा त्र्याऐंशीवर गेला आणि त्याच्या छातीत आनंद मावेना. मग ती सलग चारदा शिंकली. गुरुवारी त्याने मिशी काढली. तिच्या लक्षात आलं शनिवारी. "तुझ्या तोंडाला काय झालंय?" "मिशी काढली." "तरीच म्हटलं, कपाला साय कशी चिकटत नाही." सत्तर. दुसऱ्या आठवड्यात त्याने धक्क्यांचं वजन वाढवलं. मंगळवारी, ती ताटं पुसत असताना, तो सायकलवरून म्हणाला, "मी नोकरी सोडली." ताट ओट्यावर टेकल्याचा आवाज आला. त्र्याऐंशी, एक्याण्णव, शहाण्णव. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "खरंच?" "छे, गंमत." "ही गंमत आहे?" "मग काय." ती परत आत गेली. आकडा उतरला, पण एकाहत्तरवर आला नाही; एकोणऐंशीवर थांबला. मूळ पाया वर सरकला होता. मास्तर म्हणाले होते तसंच, अक्षरशः. त्याला भरून आलं. गुरुवारी तो हॉलमधली जळमटं काढायच्या निमित्ताने स्टुलावर चढला आणि मुद्दाम पडला. जेवढं ठरवलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच पडला. ती धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, "लागलं का रे, कुठे लागलं?" तिचे हात थंड होते, त्यांना मेणाचा वास येत होता, तिची हनुवटी थरथरत होती, अगदी जवळ, वीतभर अंतरावर. आणि तो मान वाकडी करून तिच्या कोपराखालून हँडलवरची डबी बघत होता. ब्याण्णव.

यापुढचं सांगण्यात अर्थ नाही, कारण ते वाढतच गेलं. बँकेतून फोन आल्याचं खोटं नाटक. रस्त्यावर कुणाला तरी उडवल्याचं खोटं. तिच्या बहिणीला दवाखान्यात नेलंय असं, दोन मिनिटांपुरतं. प्रत्येक वेळी "गंमत". विश्रांतीचा चौथा आठवडा त्याने वगळला, नवशिके वगळतातच. आता ती त्याचं पाऊल दाराशी वाजलं की टेबलाची कड धरायची, आणि तो आत येताना बघायचा तर डबी आधीच शहाऐंशी दाखवत असायची. नुसत्या पावलाच्या आवाजाने. लग्नानंतर एवढ्या वर्षांनी, नुसत्या पावलाच्या आवाजाने. एकदा जेवताना ती म्हणाली, "डॉक्टर विचारत होते, घरी काही झालंय का." "तू काय सांगितलंस?" "काही नाही म्हटलं." तिने घास हातातच धरला. "काही झालंय का?" "काही नाही." सत्त्याऐंशी. त्या आठवड्यात त्याला एक वेगळाच धक्का सुचला. तो म्हणाला, "मंडळाबरोबर तीन दिवस बाहेर जातोय." तिने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. आणि आकडा, जो महिनाभर ऐंशीच्या खाली आला नव्हता, पायऱ्या उतरू लागला: अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्तर. अडुसष्ट. तो आकडा तिला दुपारच्या झोपेत पडायचा. "जा," ती म्हणाली. "बदल होईल." तो सायकलवर बसून राहिला, पाय पेडलवर, आणि त्याला वाटलं की आता सगळं तपासून झालंय, शिक्का तेवढा मारायचा राहिलाय: हा माणूस नसला की हिचं हृदय विश्रांती घेतं. दुसऱ्या दिवशी त्याने जाणं रद्द केल्याचं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी. यावेळी त्याला आनंद झाला नाही.

मास्तर घरी आले ते रविवारी, न कळवता, केळ्यांचा घड घेऊन. मंडळाची मोठी वार्षिक सफर ठरत होती, आणि फ्रीजला सगळ्यात पुढे ठेवायचं की नाही हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. "वहिनी, तुमचा माणूस म्हणजे चमत्कार आहे," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "बसा, चहा ठेवते," ती म्हणाली. "चमत्कार वगैरे मला ठाऊक नाही. जिना चढला की कठड्याला लटकतो तो." "तेच ना! पाय खोटं बोलतात. हे बघा." चहाचा कप एका हातात धरून त्यांनी फोन तिच्यापुढे केला, लग्नाचे फोटो दाखवावेत तसा. "हा दोन महिन्यांपूर्वीचा. किती सपाट, बघा. एकाहत्तर म्हणजे एकाहत्तर. साधू माणसाचं हृदय. आणि आता बघा, केवढे डोंगर. हा गुरुवार, सातच्या सुमाराला, एकदम ब्याण्णव. काय हो, काय झालं होतं?" तो सायकलजवळ उभा होता. त्याने तोंड उघडलं. "गुरुवारी सातला हा स्टुलावरून पडला," बायको म्हणाली. "मग बरोबर. पडल्यावर वाढणारच." "हो," ती म्हणाली, "पण ब्याण्णव माझे झाले होते. डॉक्टरांनी त्याच्यावर खूण केलीये." तिने मास्तरांच्या हातातून फोन घेतला आणि बोटाने मागे सरकवत नेला. नोकरी सोडली तो मंगळवार. बहिणीचा दवाखाना. फुलं, शिंका चार, टोकं चार. मग दुपारची झोप, खोल आणि गुळगुळीत, जिच्यात तिने कूस कुठे बदलली तेही दिसत होतं.

मास्तरांना वेळ लागला, पण सायकलवाले यंत्राच्या बाबतीत मठ्ठ नसतात. "अरेच्चा," ते म्हणाले, "डबी वहिनींच्या पट्ट्याला जोडलीये. म्हणजे पट्टा उत्तम आहे, काही तक्रार नाही." मग त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी आली. "पण मग तुमचे किती?"  इतके महिने मोजमाप चाललं होतं आणि त्याचा स्वतःचा एकही ठोका कुणी मोजला नव्हता. आत्ता ते कानशिलांत घणासारखे पडत होते, पण कानशिलांतल्या आवाजाची नोंद होत नाही. डबीवर आकडा चढत होता. शहाण्णव. एकशे चार. एकशे बारा. त्याने तो इतका वर जाताना कधी पाहिला नव्हता. त्याची नजर खिळून राहिली, जशी माणसाची आगीवर खिळते, स्वतःच्या घराच्या असली तरी. "तुला कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं. तो म्हणाला, "तसं बघितलं तर..." एकशे एकोणीस. "माझ्याकडे बघून सांग." त्याने मान वळवली, तिच्याकडे बघितलं, आणि मान आपली आपण परत डबीकडे गेली. तिने ते पाहिलं.  मग, पिशवीतलं वजन विचारावं तशा सरळ आवाजात, म्हणाली, "किती झाले?"

"एकशे अठ्ठावीस," तो म्हणाला. खोटा आकडा सांगायचं त्याला सुचलं नाही.

"हे हवं होतं तुला?"

"तुझं काही हलतच नव्हतं," तो म्हणाला, आणि हे बोलताना आपला आवाज एखाद्या पोराचा झालाय हे त्याला ऐकू आलं. "मी काही बोललो, हात लावला, काहीही केलं तरी एकाहत्तर. मला वाटलं, माझ्यासाठी आत काही उरलंच नाही."

ती हसली. हसली म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली. "लॅबमध्ये माझे पंच्याण्णव असतात. रस्त्यावर शंभर. ताईकडे गेले तरी नव्वदच्या खाली येत नाहीत, तिच्या घरी सगळे ओरडून बोलतात. डॉक्टर म्हणाले होते, एक घर सोडलं तर तुम्हाला कुठे विश्रांतीच नाही. मी त्यांना म्हटलं, घरी माझा नवरा असतो, तो बोअर आहे, पण त्याच्याशेजारी बसलं की बरं वाटतं." मास्तर केळ्यांकडे बघत होते. "एकाहत्तर म्हणजे मी घरात होते, मूर्खा," ती म्हणाली. "तुला ते पुरलं नाही."

मग ती आत गेली आणि छोटी बॅग घेऊन बाहेर आली. ताईकडे जाते म्हणाली, किती दिवस ते म्हणाली नाही. मास्तर उठून उभे राहिले, "वहिनी, चहा फार छान होता," असं काहीतरी पुटपुटले, आणि तिच्याआधी बाहेर पडणं बरं दिसेल की नंतर हे न ठरवता आल्यामुळे पुन्हा बसले. त्याने तिला अडवायला हवं होतं. दार सात पावलांवर होतं, चार ढांगा टाकल्या असत्या तरी पोचला असता, आणि दुसरा कुणीही असता तर तिच्यामागे धावला असता. पण कपड्यांच्या आत पट्टा अजून तिच्या अंगावर होता, ती नेहमीप्रमाणे विसरली होती, आणि डबी बोलत होती. दार लागलं. एकशे एकवीस. पावलं जिन्यावरून उतरली. एकशे तेरा. पहिला मजला. एकशे चार. तो हँडलवर वाकला, दोन्ही हातांनी डबी धरून. आकडा उतरत होता, सावकाश, नीट, एखादी शहाणी व्यक्ती उतरते तसा. शहाण्णव. त्र्याण्णव. खाली फाटकाची कडी वाजली. एक्याण्णव. आणि मग दोन रेघा. डबी त्या दोन रेघांखाली "शोध सुरू" असं लिहून लुकलुकत राहिली. बऱ्याच वेळाने मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हलकेच म्हणाले, "रेंजच्या बाहेर गेल्या," आणि निघून गेले. आकडा नव्वदवर थांबला असेल का? ताईच्या घरी नव्वदच. की उतरतच राहिला असेल, फाटकाबाहेर, रिकाम्या रस्त्यावर, ऐंशी, पंच्याहत्तर, एकाहत्तर, त्याच्याशिवाय, कुठल्यातरी बसच्या खिडकीशी? हे दोन्ही सहन करण्यासारखं नव्हतं, आणि यांतलं कुठलं खरं हे न कळणं तर त्याहून नव्हतं. त्याने तिला फोन केला नाही. फोनवर ती बोलली असती, आणि बोलण्याला काय विचारायचं ते त्याला कधीच कळलं नव्हतं. सोमवारी कचेरीत पोचल्यावर त्याने खात्याचा कोरा कागद घेतला, समास सोडला, आणि आयुष्यभर ज्या एका भाषेत त्याला मनातलं मांडता आलं होतं त्या भाषेत पट्टा बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं:

"विषय: हृदयाचे ठोके मोजणाऱ्या पट्ट्याच्या अंतरमर्यादेबाबत. महोदय, आपल्या कंपनीचा सदर पट्टा डबीपासून दहा मीटरपर्यंतच संदेश पाठवतो, असे सोबतच्या माहितीपत्रकात नमूद आहे. गेल्या रविवारी नोंद घेत असताना आकडा उतरता होता व तो स्थिर होण्यापूर्वीच पट्टा उक्त मर्यादेबाहेर गेला. काटा स्थिर झाल्याखेरीज नोंद ग्राह्य धरता येत नाही, हे आपण जाणताच. सबब, सदर पट्टा वापरणारी व्यक्ती जेथे असेल तेथपर्यंत अंतराची अट, विशेष बाब म्हणून, आकडा स्थिर होईस्तोवर शिथिल करण्यात यावी, ही विनंती. आकडा कितीही येवो, निम्नस्वाक्षरीकाराची त्यास हरकत असणार नाही."